सरळ रस्त्यावर चार हेलकावे

१

ही हकिकत कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स गेलेली माणसं पावलोपावली भेटतात. पण गाडी फार चांगली चालवली म्हणून लायसन्स गेलेला इसम पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो आक्काचा धाकटा भाऊ निघाला.

भावाला सगळं शहर मास्तर म्हणायचं. तीस वर्षं तो लोकांना मोटार शिकवत होता. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं घरात बाथरूमकडे वळतानासुद्धा हात दाखवायची आणि मागून कुणी येत नाही ना, हे बघायची. त्याचा एकच मंत्र होता. रस्त्याच्या कडेला जी पांढरी रेघ असते तिच्यापासून चाक एक हात लांब. दोन हात नाही, अर्धा हात नाही, एक हात. या पायी शिकणाऱ्यांनी त्याला मागून ‘पट्टी’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते त्याला ठाऊक असल्यामुळे तो आणखीच ताठ बसायचा.

आक्का त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. चाळीस वर्षं यंत्रावर बसून तिची नजर अशी झाली होती की रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या माणसाचा कुठला खांदा उतरलाय, हे ती मान वर न करता सांगायची.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला मास्तर तिच्या दारात उभा राहिला. पायी. हा माणूस कोपऱ्यावर काडेपेटी आणायलाही गाडीने जायचा.

"चालत आलास?"

"गाडी पोलिसांनी ठेवून घेतली."

"का रे? काय झालं?"

"मी दारू प्यायलोय."

आक्काने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. "कधी?"

"मी कुठे म्हणतोय प्यायलो म्हणून? हा कागद म्हणतोय!" मास्तरने एक गुलाबी कागद कापडाच्या टेबलावर आपटला.

आक्काने चष्मा लावून वाचला. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. गोदामांचा रस्ता, पूर्ण सरळ. सदर वाहन चार वेळा हेलकावे खाताना दिसलं, म्हणून थांबवलं. वाहनात मद्यसदृश वास. चालकाचे डोळे लाल. यंत्रात फुंकण्यास सांगितलं असता चालकाने नकार दिला व आवाज चढवला. लायसन्स जप्त. सुनावणी पुढच्या गुरुवारी.

"फुंकला का नाहीस? फुंकला असतास तर तिथल्या तिथे मिटलं असतं."

"फुंकू? ज्या पोराला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळायला मी तीन आठवडे घालवले, त्याने माझ्या तोंडासमोर नळी धरायची? आणि मी फुंकायचं?"

"आता नकार दिला की काय होतं?"

मास्तर खाली बसला. त्याचा आवाजही बसला. "वर्षभर लायसन्स नाही. आणि लायसन्स नाही म्हणजे शाळेचा परवाना नाही. आक्का, दारुड्याकडे आपली मुलगी गाडी शिकायला कोण पाठवील?"

"हेलकावे खाल्लेस का?"

"एक हात!" मास्तर उसळला. "पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत रेघेपासून एक हात. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही."

आक्का उठली, त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ कर."

अठ्ठावन्न वर्षांच्या मास्तरने मुकाट्याने आ केला. आक्काने वास घेतला. चहा. नुसता चहा, तोही कमी साखरेचा.

म्हणजे भाऊ खरं बोलत होता. मग खोटं बोलला तो हवालदार. पण कागदाखालची सही वाचली आणि आक्का गोंधळात पडली. त्या हवालदाराच्या सगळ्या पँटी तिनेच शिवलेल्या. कंबर घट्ट झाली असली आणि ‘छान झालीय, आक्का’ म्हणायची वेळ आली की तो बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा. खोटं बोलणं त्याच्या मापातच नव्हतं.

२

बुधवारी आक्का गेली तेव्हा हवालदार गोदामांच्या रस्त्याच्या टोकाला, आपल्या पत्र्याच्या चौकीत बसला होता. आक्काला बघताच उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर काय करायचं ते न सुचून पुन्हा बसला.

"आक्का, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मास्तरांनी दिल्यात, तुमच्या बाकी आहेत."

"शिव्या मागाहून. आधी सांग, काय पाहिलंस?"

"ऊन समोरून तोंडावर होतं. डांबर रात्रीच धुतलेलं, आरशासारखं चमकत होतं. रस्त्यावरचं काही म्हणून दिसत नव्हतं. त्या झळाळीतून गाडीची काळी आकृती येताना दिसली. आली ती आली, आत वळली, बाहेर गेली. एक. मग सरळ. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दोन. असं चार वेळा. मी बोटावर मोजलं."

"गाडी कुणाची ते माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर मी चौकीच्या मागे लपलो असतो, आक्का! दोन वेळा नापास केलंय त्यांनी मला."

आक्काने मान हलवली. "आणि वास?"

"दार उघडलं आणि स्पिरिटचा भपकाच आला."

"तो रोज सकाळी स्टिअरिंग स्पिरिटने पुसतो. दिवसाला दहा घामट हात लागतात त्याला. तूही तुझे लावलेस की."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "हो की. मी शिकायचो तेव्हाही वास यायचा. शप्पथ, विसरलोच."

"डोळे लाल लिहिलेत."

"ते तर मी शिकत होतो तेव्हापासून लालच आहेत. शिकाऊ माणसाच्या शेजारी तीस वर्षं बसून कुणाचे पांढरे राहतील?"

"म्हणजे वासही गेला, डोळेही गेले," आक्का म्हणाली. "राहिला नुसता नकार."

"नाही, आक्का. राहिले हेलकावे." हवालदार खालच्या आवाजात म्हणाला. "सुनावणीच्या मॅडम पहिला प्रश्न एकच विचारतात. गाडी थांबवायला कारण होतं का? कारण खरं असेल, तर फुंका म्हणायचा मला हक्क होता आणि मास्तरांनी नकार दिला हा गुन्हा. कारणच नसेल, तर मला नळी पुढे करायचाच हक्क नव्हता. मग नकार कसला आणि गुन्हा कसला?"

"मग सांग ना, कारण नव्हतं म्हणून."

हवालदार कानापर्यंत लाल झाला. "कसं सांगू? मी पाहिलंय. आणि मी एकट्याने नाही. मास्तरांच्या मागे आणखी एक गाडी होती. तिच्या चालकानेही चारच मोजले. त्याने लिहून दिलंय."

"कोण चालक?"

नाव ऐकून आक्काने पदर खोचला.

३

शहरात मोटार शिकवणारी दुसरी शाळा होती आणि तिचा मालक बारा महिने काळा चष्मा लावायचा, म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणायचे. मास्तरचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आक्का पोचली तेव्हा गॉगल आपल्या अंगणात उकिडवा बसून गाडीचा एका बाजूचा मडगार्ड रॉकेलच्या फडक्याने घासत होता. चाकाच्या वरच्या भागावर पांढरे बारीक ठिपके उडालेले होते.

"या आक्का! भावाच्या तब्येतीची चौकशी करायला मीच येणार होतो."

"तुझ्या गाडीला काय देवी आल्यात?"

"कबुतरं, आक्का. नुसती कबुतरं. हलकट जात." त्याने आणखी जोराने फडकं चालवलं. ठिपके काही निघेनात.

"तू मागे होतास म्हणे काल."

"होतो ना. काय सांगू! लाटेवर होडी चालावी तसा चालला होता मास्तर. चार लाटा मोजल्या. मी मनात म्हटलं, गड्याने सकाळी सकाळीच देवदर्शन घेतलेलं दिसतंय."

"आणि तू?"

"मी? नाकासमोर. सरळ रस्ता, सरळ माणूस."

"रेघेपासून किती अंतरावर?"

गॉगल हसला. "रेघ? अहो, रेघेकडे बघत चालायला मी काय शुद्धलेखन लिहितोय? समोर रस्ता दिसतो, आपण जातो. तुमच्या भावाचं ते एक हात, अर्धा हात... त्याला म्हणावं, आता वर्षभर घरात बसून भिंतीपासून मोज. त्याच्याकडे शिकणाऱ्या सहा पोरी आजच माझ्याकडे नाव घालून गेल्या."

आक्काला त्याच्या डोक्यात ते रॉकेल ओतावंसं वाटलं. पण एक गोष्ट तिला सुटेना. या माणसाला मास्तर बुडायला हवा होता, कबूल. हवालदाराशी मात्र त्याचं मुळीच जमत नव्हतं. गेल्याच महिन्यात हवालदाराने त्याला चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल सगळ्यांदेखत झापलं होतं. ही दोघं संगनमत करतील, हे शक्यच नाही. तरी एकाने पुढून मोजले चार आणि दुसऱ्याने मागून मोजले चार.

घरी येऊन आक्का यंत्रावर बसली आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावून मोकळी झाली. भाऊ म्हणतो एक बोट हललो नाही. हवालदार म्हणतो चार वेळा हलला. गॉगल म्हणतो चार वेळा. तिघंही खरं बोलताहेत असं तिचे कान सांगत होते, आणि तिघंही खरं बोलत असले तर तिचं डोकं फिरलं होतं.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, काही कळलं का हो? सकाळपासून हे नुसते पायऱ्यांवर बसून आहेत. फोन वाजला की मलाच उचलायला लावतात. शिकणाऱ्यांचेच असतात, नाव कमी करा म्हणून."

"उद्या कळेल," आक्का म्हणाली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का गळ्यात टेप अडकवून गोदामांच्या रस्त्यावर गेली. तिचा शेवटचा भरवसा रेघेवर होता. पण रेघ तर अगदी रेघेसारखी होती. नवी, पांढरीशुभ्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ. रस्ताही सरळ. कडेला गोदामांची चार लोखंडी फाटकं. बाकी खड्डा नाही, दगड नाही, चुकवायला एक कुत्रंही नाही.

अशा रस्त्यावर चार वेळा वळेल तो नक्कीच प्यायलेला. पहिल्या फाटकासमोर ती कडेच्या दगडावर बसली.

आता खाली बसल्यावर उभ्या माणसाला दिसत नाही ते दिसतं. रेघेच्या आतल्या बाजूला डांबर काळं होतं, पण एक पट्टा जास्तच काळा होता. उरलेला रस्ता वापरलेल्या कोटासारखा करडा, आणि हा पट्टा नव्या ठिगळासारखा. तो रेघेपासून निघून हळूच रस्त्यात शिरत होता आणि फुगवटा घेऊन पुन्हा रेघेला येऊन मिळत होता.

आक्का ताडकन उठली. चाळीस वर्षांत तिने हजारो कपडे उसवून पुन्हा शिवले होते. शिवण वाकडी गेली की उसवायची, सरळ घालायची आणि वरून इस्त्री फिरवायची. गिऱ्हाइकाला कळत नाही. पण जुन्या सुईची भोकं शिंप्याच्या डोळ्याला दिसतातच.

हा रस्ता कुणीतरी उसवून पुन्हा शिवला होता!

ती दुसऱ्या फाटकाकडे जवळजवळ धावली. तिथेही पट्टा. तिसऱ्यासमोर पट्टा. चौथ्यासमोर पट्टा. टेप लावला. जिथे सगळ्यात जास्त फुगवटा तिथे रेघेपासून दोन हात आत, चारही ठिकाणी. तिने पिशवीतून कात्री काढली, गुडघ्यावर बसली आणि काळा पट्टा टोकाने खरवडला.

खाली पांढरा रंग होता.

"ओ बाई!" मागून कुणीतरी खेकसलं. "त्या रेघेला हात लावायचा नाही!"

५

खेकसणारा रस्ते रंगवणाऱ्या टोळीचा मुकादम होता. बुटांवर पांढरा रंग, भुवईवर पांढरा रंग. मात्र आक्काच्या हातातली कात्री आणि खालचा पांढरा ओरखडा बघून त्याचा चेहरा त्याहून पांढरा पडला.

"वाकडी होती ना?" आक्का म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी शिंपीण आहे. उसवलेलं मला दाखवू नका."

मुकादम इकडेतिकडे बघून तिच्या शेजारी दगडावर बसला. "बाई, आमच्यात एक नियम आहे. डोळ्याने रेघ मारायची नाही. डोळा फसवतो. आदल्या संध्याकाळी कडेने दोरी टाकायची, मधे मधे दगड ठेवायचे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एकाने दोरी सांगेल तिथे ठिपके देत जायचं. मागून रंगाची गाडी. ठिपका सांगेल तिथे रेघ. कुणी मान वर करायची नाही."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी आम्ही यायच्या आधीच चारही गोदामांतून ट्रक बाहेर पडले. चाकात दोरी अडकली, प्रत्येक फाटकासमोर थोडी थोडी रस्त्यात ओढली गेली. ठिपकेवाला खाली बघून ठिपके देत गेला. रंगवाला ठिपके बघून रंगवत गेला. शेवटच्या टोकाला पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं, आणि काय सांगू बाई, साप गेल्यासारखी रेघ!"

"कितीला?"

"सहाला संपली. रंग आठ वाजेपर्यंत ओला असतो, वाळल्याशिवाय वर काळा देता येत नाही. चौकी रिकामीच होती, दुपारपर्यंत सगळं काळं करून नवी मारली. सहा तास वाकडी होती. मला वाटलं, सहा तासांत कोण रेघेकडे बघतंय?"

आक्का हसायला लागली. एवढी हसली की मुकादम घाबरून लांब सरकला. गोंधळ कसा झाला ते तिला एका झटक्यात दिसलं. सगळं शहर त्या रस्त्याने गेलं असेल, रेघेवरून, रेघ सोडून, कसंही. रेघ वळली तसा वळणारा माणूस शहरात एकच होता, आणि त्यालाच धरलं होतं.

"पुढच्या गुरुवारी सुनावणीला या," ती म्हणाली.

"माझी नोकरी?"

"वाकडी रेघ सरळ केली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. लपवलीत तर मात्र मी रोज इथे कात्री घेऊन बसेन."

६

सुनावणीच्या मॅडम दुसऱ्या कार्यालयातून फक्त त्या दिवसापुरत्या आल्या होत्या. लांबलचक खोली. एका टोकाला त्यांचं टेबल, दुसऱ्या टोकाला बाकं. मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात. हवालदार, गॉगल आणि मुकादम एकाच बाकावर, एकमेकांकडे न बघता.

मुकादमाने मान खाली घालून दोरीची गोष्ट सांगितली. मॅडमनी लिहून घेतली आणि विचारलं, "रेघ वाकडी होती, मान्य. पण हे त्या रेघेप्रमाणेच वळले, दारूमुळे नाही, हे कशावरून?"

"टायरांवरून," आक्का म्हणाली. "रंग आठपर्यंत ओला होता. हे गॉगल स्वतःच सांगतात की मी नाकासमोर सरळ गेलो. सरळ जाणाऱ्याचं चाक प्रत्येक फुगवट्यावरून जाणारच. त्यांच्या गाडीच्या मडगार्डवर पांढरे ठिपके आहेत. ते कबुतरं म्हणतात, पण रॉकेलने निघत नाहीत असली कबुतरं मी पाहिली नाहीत. आणि माझ्या भावाची गाडी त्या सकाळपासून पोलिसांच्या आवारात कुलपात आहे. काय रे हवालदार?"

"काल पुन्हा बघितली, मॅडम," हवालदार उभा राहिला. "चारही टायर काळेकुळकुळीत. एक थेंब नाही."

"चार ठिकाणी रेघ दोन हात आत शिरली," आक्का म्हणाली, "आणि त्याने तिला एकदाही शिवलं नाही. दारू प्यायलेल्या माणसाला हे जमत असेल तर मी उद्यापासून दारू पिऊन काजं करते."

मॅडम हसल्या. हवालदार तर इतका खूश झाला की त्याला आपण कुठल्या बाजूचे आहोत याचा विसर पडला. गॉगल मात्र बाकावर नख घासत बसला.

"गाडी रेघ धरून चालली होती," मॅडमनी लिहिता लिहिता वाचलं. "हवालदारांनी पाहिलं ते प्रामाणिकपणे पाहिलं, पण हेलकावे चालकाचे नव्हते. थांबवण्याचं कारण टिकत नाही. ते टिकत नाही तर फुंकण्याच्या नकाराचाही प्रश्न उरत नाही. लायसन्स परत." त्यांनी शिक्का हातात घेतला. मास्तरने डोळे पुसले.

"एक सहज विचारते, मास्तर," शिक्का हातातच धरून मॅडम म्हणाल्या. "समोर सरळ मोकळा रस्ता आणि रेघ मात्र भलतीकडे चाललेली. कुणीही रेघ सोडून सरळ गेला असता. तुम्ही का नाही गेलात?"

आक्का चपापली. नऊ दिवस तिने ज्याला त्याला काय काय विचारलं होतं. हे एवढं मात्र तिने कुणाला विचारलं नव्हतं. स्वतःलाही.

"नियम म्हणजे नियम, मॅडम," मास्तर म्हणाला.

"पण वळणं दिसली होती ना लांबून?"

"दिसली म्हणजे? चारही!" मास्तरची छाती फुगली. "पहिल्या फाटकाशी असतानाच चौथ्याचं वळण दिसलं. लांबचं मला स्वच्छ दिसतं. आता हीच तुमच्या मागच्या भिंतीवरची पाटी घ्या. इथे बसून वाचतो. ‘शांतता राखा’."

खोलीत खरोखरच शांतता झाली. मॅडम मागे वळल्या नाहीत. समाधानाने मान डोलावून त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला. हवालदाराने भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, आणि बुटांकडेच बघत राहिला. गॉगलने चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा लावला. मुकादमाने तर आयुष्यात पहिल्यांदाच मान वर केली होती.

आक्काने भिंतीकडे पाहिलं. मग भावाकडे. तो हसत होता, लहानपणी पास होऊन आल्यावर हसायचा तसा. कुणी तोंड उघडलं नाही तर दोन मिनिटांत ती दोघं लायसन्स घेऊन पायऱ्या उतरणार होती. उद्या सकाळी सातला कुणाची तरी लेक पहिल्यांदा स्टिअरिंग धरणार होती, आणि तिच्या वतीने पुढचा रस्ता बघायला शेजारी हा बसणार होता.

शिक्का गादीवरून उचलला गेला.

"बाळ्या," आक्का म्हणाली, "ती पाटी नाही. पंख्याची बटणं आहेत."